मार्कस टलियस सिसरो

रोमन लोकांचा इतिहास शिकवितांना आम्हांस दरवर्षीं एक अनुभव येतो. कॉन्सल, प्रीटर, ईडाइल, क्वीस्टर, ट्रिब्यून, सेन्सॉर हीं अधिकाऱ्यांचीं नांवें विद्यार्थी मोठ्या नेटानें पाठ करतात, परीक्षेच्या कागदावर उतरून काढतात, आणि सुट्टी लागतांच तीं सर्व त्यांच्या डोक्यांतून पार नाहींशीं होतात. यांत विद्यार्थ्यांचा दोष फारसा नाहीं. रिकाम्या खुर्च्यांची यादी कोणाच्या लक्षांत राहावी? त्या खुर्चीवर एखादा जिताजागता मनुष्य बसलेला दिसला, तो तेथपर्यंत कसा चढला, तेथें बसून त्यानें बरें काय केलें व तो चुकला कोठें, हें समजलें, म्हणजे खुर्चीचें नांव आपोआप ध्यानांत राहतें. म्हणून यंदाच्या अंकांत आम्हीं अशा एका पुरुषाचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे, कीं जो या अधिकारांच्या जिन्यावर तळच्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत केवळ आपल्या विद्येच्या व वाणीच्या बळावर चढून गेला, आणि तो जिना कोसळला त्याच वेळीं त्याखालीं चिरडला गेला.

मार्कस टलियस सिसरो याचा जन्म ख्रिस्तपूर्व १०६ या वर्षीं, जानेवारीच्या ३ तारखेस, आर्पिनम नांवाच्या डोंगराळ गांवीं झाला. हें गांव रोम शहराच्या आग्नेयीस सुमारें ७० मैलांवर आहे. घराणें खाऊनपिऊन सुखी होतें व त्याची गणना ज्यास रोमन लोक अश्वारोही वर्ग म्हणत त्या सधन वर्गांत होत असे. परंतु त्या घराण्यांतील एकही पुरुष रोममध्यें अधिकारपदावर बसलेला नव्हता. सिसरो हें कुलनाम लॅटिन भाषेंतील हरभरा या अर्थाच्या शब्दावरून निघालें आहे. प्लूटार्क नांवाच्या ग्रीक चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे कीं त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यावर असते तशी चीर होती. पुढें सिसरो सार्वजनिक कामांत पडला तेव्हां लोक हंसतील म्हणून हें नांव बदलण्याचा सल्ला मित्रांनीं दिला. पण मोठमोठ्या कुळांच्या नांवांपेक्षां हें हरभऱ्याचें नांवच आपण अधिक गाजवून दाखवूं, असें त्यानें त्यांस सांगितलें. पुढें सिसिलींत अधिकारावर असतां देवालयास अर्पण केलेल्या एका रुप्याच्या पात्रावर त्यानें आपलीं पहिलीं दोन नांवें कोरविलीं व तिसऱ्या नांवाच्या जागीं चक्क हरभऱ्याचा दाणा काढविला.

मुलांच्या शिक्षणासाठीं बापानें त्यास व त्याचा धाकटा भाऊ क्विंटस यास रोम शहरीं आणिलें. त्या काळीं रोमन मुलें बारा पाट्यांचा कायदा तोंडपाठ करीत. हा कायदा ख्रि. पू. ४५१-४५० या सालीं लिहून चव्हाट्यावर लाविला होता, व सामान्य मनुष्यास आपला हक्क काय हें वाचून कळावें हाच त्याचा हेतु होता. पुढें सिसरोस स्कीव्होला नांवाच्या वृद्ध कायदेपंडिताच्या घरीं पाठविण्यांत आलें. म्हातारा आपल्याकडे येणाऱ्या लोकांस सल्ला देई आणि हा मुलगा बाजूस बसून तो ऐके व टिपून ठेवी. कायद्याचें शिक्षण रोममध्यें असेंच मिळत असे.

आतां सिसरो तरुण झाला तेव्हां रोमचा कारभार कसा चालत होता, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. परंपरेप्रमाणें ख्रि. पू. ५०९ मध्यें रोमन लोकांनीं आपल्या शेवटच्या राजास हांकून दिलें, आणि पुन्हां एकाच्या हातीं सर्व सत्ता कधींही जाऊं द्यावयाची नाहीं असा निर्धार केला. यासाठीं त्यांनीं दोन युक्त्या योजिल्या. पहिली ही कीं, प्रत्येक अधिकारपदावर एकाहून अधिक माणसें असावीं. दुसरी ही कीं, तो अधिकार एका वर्षानें संपावा. राजाच्या जागीं दोन कॉन्सल आले. दोघांची सत्ता सारखी. एकानें काढलेला हुकूम दुसऱ्यास अडवितां येई. प्रत्येकापुढें काठ्यांची मोळी खांद्यावर घेतलेले १२ लिक्टर म्हणजे चोपदार चालत. शहराबाहेर त्या मोळींत कुऱ्हाड खोंवलेली असे. शहराच्या हद्दींत ती काढून ठेवावी लागे, कारण तेथें नागरिकाच्या जिवावर अधिकाऱ्याची मनमानी सत्ता चालत नसे. केवळ भारी संकट आल्यास डिक्टेटर नांवाचा सर्वाधिकारी नेमीत, तोही जास्तींत जास्त सहा महिन्यांपुरता.

कॉन्सलाच्या खालीं न्यायदान करणारे ८ प्रीटर, त्यांच्या खालीं रस्ते, बाजार, धान्यपुरवठा व सार्वजनिक खेळ पाहणारे ४ ईडाइल, आणि सर्वांत खालीं खजिन्याचे हिशेब ठेवणारे २० क्वीस्टर असत. क्वीस्टर होण्यास ३० वर्षांचें, प्रीटर होण्यास ३९ वर्षांचें व कॉन्सल होण्यास ४२ वर्षांचें वय लागे. हे आंकडे सुल्ला नांवाच्या सेनापतीनें ख्रि. पू. ८१ च्या सुमारास घालून दिलेल्या व्यवस्थेप्रमाणें आहेत. या कोणत्याही पदास पगार नव्हता. क्वीस्टर झालेला मनुष्य आपोआप सिनेटचा सभासद होई व बहुधा मरेपर्यंत राही. सिनेटांत त्या वेळीं सुमारें ६०० सभासद होते. कायदा करण्याचा अधिकार सिनेटास नव्हता, तो लोकांच्या सभांस होता. सिनेट फक्त सल्ला देई. परंतु अधिकारी वर्षानें बदलत व सिनेट कायम राही, त्यामुळें त्या सल्ल्यास हुकुमाचें वजन येई. ज्या सभेचें नांव आपल्या मुंबई विद्यापीठाच्या एका मंडळासही मिळालें आहे, ती मूळची ही वृद्धसभा होय.

या जिन्याच्या बाहेर १० ट्रिब्यून असत. ख्रि. पू. ४९४ मध्यें सामान्य जनांनीं सरदारांशीं भांडून हें पद मिळविलें, असें परंपरा सांगते. ट्रिब्यूनाच्या अंगास हात लावणें हें पाप समजलें जाई. कोणत्याही अधिकाऱ्याचें काम तो एका शब्दानें थांबवूं शके. गरिबास केव्हांही दाद मागतां यावी म्हणून त्याच्या घराचें दार रात्रंदिवस उघडें ठेवण्याची रीत होती. आणि दर पांच वर्षांनीं निवडले जाणारे दोन सेन्सॉर नागरिकांची गणती करीत व नालायक सभासदांस सिनेटांतून काढून टाकीत. हा सर्व पसारा परस्परांस आवर घालण्यासाठीं उभारलेला होता. सज्जनांच्या हातीं तो शतकानुशतकें चालला. पण सिसरोच्या तरुणपणींच स्वतः सुल्लानें रोमन सैन्य रोमवरच चालवून आणिलें, आपल्या शत्रूंच्या नांवांच्या याद्या चौकांत लाविल्या, आणि यादींतील मनुष्यास मारणारास बक्षीस ठेविलें. सेनापतीचे शिपाई कायद्यापेक्षां बलवान ठरूं लागले होते.

अशा काळांत, ख्रि. पू. ८० मध्यें, २६ वर्षांच्या सिसरोकडे एक खटला आला. अमेरिया गांवच्या सेक्स्टस रोसियस नांवाच्या मनुष्यावर बापाचा खून केल्याचा आरोप होता. खरी गोष्ट अशी होती कीं, बाप मेल्यावर त्याचें नांव मागाहून यादींत घुसडून सुल्लाच्या क्रिसोगोनस नांवाच्या मर्जींतल्या माणसानें त्याची जमीन कवडीमोलानें घेतली होती, व वारस जिवंत राहूं नये म्हणून हा आरोप रचला होता. सुल्लाच्या भीतीनें कोणी नांवाजलेला वकील उभा राहीना. सिसरो उभा राहिला. सुल्लास दोष न देतां त्यानें क्रिसोगोनसाचें कपट असें उघडें केलें कीं आरोपी निर्दोष सुटला. त्यानंतर सिसरो अथेन्स, आशिया प्रांत व ऱ्होड्स बेट येथें दोन वर्षें राहिला. त्याची प्रकृति नाजूक होती व भाषण करतांना तो आवाज फार ताणी. ऱ्होड्सच्या मोलोन नांवाच्या गुरूनें त्याचा तो दोष काढून टाकिला. नांवलौकिक मिळाल्यावरही पुन्हां शिष्य होऊन बसण्यास त्यास कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

वयाच्या ३१ व्या वर्षीं, ख्रि. पू. ७५ मध्यें, तो क्वीस्टर झाला व पश्चिम सिसिलींतील लिलीबियम येथें त्याची नेमणूक झाली. त्या वर्षीं रोममध्यें धान्याची टंचाई होती. सिसरोनें सिसिलींतून पुष्कळ धान्य पाठविलें, आणि तें करतांना शेतकऱ्यांस व व्यापाऱ्यांस नाडलें नाहीं. याच बेटावर सिराक्यूज शहराच्या वेशीबाहेर कांटेरी झुडपांत दडलेला एक लहानसा खांब त्यास दिसला. त्यावर गोल व वृत्तचिति यांच्या आकृति होत्या. १३७ वर्षांपूर्वीं मरण पावलेल्या आर्किमिडीज या महान गणितज्ञाची ती समाधि होती. शहरच्या लोकांस तिची आठवणही राहिली नव्हती. परक्या अधिकाऱ्यानें विळे आणवून झुडपें तोडविलीं व ती त्यांस दाखविली.

आपल्या कामाची कीर्ति रोमभर पसरली असेल अशा समजुतीनें हा तरुण परत निघाला. वाटेंत प्युटिओली बंदरावर एका ओळखीच्या गृहस्थानें त्यास विचारिलें कीं रोमहून केव्हां निघालांत व तेथें नवीन काय आहे. आपण प्रांतांतून येत आहों असें सिसरोनें सांगतांच तो गृहस्थ म्हणाला कीं आफ्रिकेंतून वाटतें. सिसरो चिडून म्हणाला कीं सिसिलींतून. तेव्हां शेजारी उभ्या असलेल्या एका सर्वज्ञानें त्याची सिराक्यूज येथेंच नेमणूक होती अशी माहिती पुरविली. वास्तविक तो बेटाच्या दुसऱ्याच टोकास होता! ही फजिती सिसरोनें स्वतःच पुढें एका भाषणांत मोठ्या विनोदानें सांगितली आहे. रोमन लोकांचे कान बहिरे असले तरी डोळे तीक्ष्ण आहेत, असा धडा त्यानें घेतला, व तेव्हांपासून तो रोजच्या रोज चौकांत त्यांच्या नजरेसमोर राहूं लागला. कारागीर आपल्या प्रत्येक हत्याराचें नांव जाणतो, मग लोकांचें काम करणारानें लोकांचीं नांवें कां जाणूं नयेत, असें म्हणून त्यानें नागरिकांचीं नांवें व घरें पाठ केलीं.

ख्रि. पू. ७० मध्यें सिसिलीचे लोक त्याच्याकडे धांवत आले. ७३ ते ७१ या तीन वर्षांत व्हेरीस नांवाच्या सुभेदारानें तें बेट धुऊन नेलें होतें. शेतकऱ्यांकडून दशांशाऐवजीं वाटेल तेवढें धान्य उपटावें, देवळांतील मूर्ति उचलाव्या, न्याय विकावा, हा त्याचा क्रम होता. एका रोमन नागरिकास त्यानें फटके मारविले, आणि तो आपण रोमन नागरिक आहों असें ओरडत असतां इटलीचा किनारा दिसेल अशा जागीं त्यास वधस्तंभावर चढविलें. रोमन नागरिकास चौकशीवांचून फटके मारतां येत नसत. पवित्र शास्त्रांतील प्रेषितांचीं कृत्यें वाचणारांस ठाऊकच आहे कीं, पुढें पौलानें हाच हक्क सांगतांच सरदार भ्याला. त्या हक्काचें मोल काय होतें, हें व्हेरीसाच्या खटल्यावरून कळतें.

व्हेरीसाचा वकील हॉर्टेन्सियस हा त्या वेळचा पहिल्या प्रतीचा वक्ता असून पुढील वर्षासाठीं कॉन्सल निवडलेला होता. खटला लांबवून नव्या वर्षावर ढकलावा, म्हणजे सर्व अधिकारी आपलेच असतील, असा त्यांचा डाव होता. सिसरोस पुरावा गोळा करण्यासाठीं ११० दिवस मिळाले होते. त्यानें ५० दिवसांत सर्व बेट पालथें घालून साक्षीदार आणिले. ऑगस्टांत खटला उभा राहिला तेव्हां त्यानें लांबलचक भाषणाचा मोह टाकून थोडक्यांत प्रस्ताव केला व एकदम साक्षीदारच पुढें केले. वक्त्यानें भाषण आवरून जिंकलेला हा खटला होय. निकालाची वाट न पाहतां व्हेरीस मॅसिलियास, म्हणजे आजच्या मार्सेलिस बंदरीं, निघून गेला.

यापुढील पायऱ्या सिसरो भराभर चढला. ख्रि. पू. ६९ मध्यें तो ईडाइल झाला. या पदावरील लोक खेळतमाशांवर अफाट पैसा उधळून मतें मिळवीत. सिसरोनें बेताचाच खर्च केला. कृतज्ञ सिसिलीकरांनीं पाठविलेल्या जिनसांच्या योगें त्यानें बाजारभाव मात्र उतरविले. ६६ मध्यें तो प्रीटर झाला, व ज्या कोर्टांत व्हेरीसाचा खटला चालला होता त्याच लांचखाऊ सुभेदारांच्या कोर्टाचा तो अध्यक्ष झाला. ६४ मध्यें तो कॉन्सलपदाचा उमेदवार म्हणून उभा राहिला. उमेदवारानें खडूनें पांढराशुभ्र केलेला झगा घालून चौकांत फिरावें व मतें मागावीं अशी चाल होती. कॉन्सलांची निवडणूक करणाऱ्या सभेंत नागरिकांचे १९३ शतगण पाडलेले असत, व प्रत्येक गणास एक मत असे. श्रीमंतांचे गण पुष्कळ व आधीं मत देणारे. ज्यांच्यापाशीं कांहींच नाहीं अशा सर्व गोरगरिबांचा मिळून एकच गण व तोही शेवटीं. ९७ गण एका बाजूस पडले म्हणजे मतमोजणी थांबे, आणि गरिबाची पाळी बहुधा येतच नसे. लोकसत्ता हें नांव असलें तरी सत्ता कोणाची होती, हें यावरून दिसेल. ज्याच्या घराण्यांत पूर्वीं कोणी कॉन्सल झालेला नाहीं अशा मनुष्यास ही सभा क्वचितच निवडी. सिसरो कायद्यानें परवानगी असलेल्या पहिल्याच वर्षीं निवडून आला.

ख्रि. पू. ६३ हें त्याच्या कॉन्सलपदाचें वर्ष त्याच्या कीर्तीचा कळस ठरलें, आणि त्याच्या दुर्दैवाचें बीजही त्याच वर्षीं पेरलें गेलें. कॅटिलिन नांवाचा कर्जबाजारी सरदार निवडणुकींत पुन्हां हरल्यावर कट करूं लागला. शहरास आग लावावी, प्रमुख पुरुष मारावे, व बाहेर जमविलेलें सैन्य आंत आणावें, असा बेत असल्याचें सिसरोनें उघडकीस आणिलें. ऑक्टोबरच्या २१ तारखेस सिनेटानें राज्यास अपाय होऊं नये म्हणून कॉन्सलांनीं लागेल तें करावें असा ठराव केला. नोव्हेंबरच्या आरंभीं सिसरोच्या घरीं मारेकरी येऊन गेले. नंतर भरलेल्या सिनेटच्या सभेंत कॅटिलिन निर्लज्जपणें येऊन बसला, तेव्हां सिसरोनें समोरासमोर त्याच्यावर असा वाग्बाणांचा वर्षाव केला कीं तो त्याच रात्रीं शहर सोडून गेला. मागें राहिलेल्या कटवाल्यांनीं गॉल देशच्या वकिलांशीं पत्रव्यवहार केला. तीं पत्रें सिसरोनें पकडलीं व पांच जण सांपडले. त्यांत लेंट्युलस हा त्या वर्षाचा प्रीटर होता.

आतां या पांच जणांचें करावयाचें काय? डिसेंबरच्या ५ तारखेस सिनेट भरलें. येथें वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. लोकांच्या सभेपुढें चौकशी झाल्यावांचून कोणाही नागरिकास देहान्त शिक्षा देऊं नये, असा रोमचा जुना नियम होता, व ख्रि. पू. १२३ मध्यें गायस ग्रॅकस यानें तो नवीन कायद्यानें पक्का केला होता. सिनेट हें न्यायालय नव्हतें. ज्युलियस सीझर यानें कैद्यांस इटलींतील निरनिराळ्या गांवीं जन्मभर कैदेंत ठेवावें असें सुचविलें. कडव्या स्वभावाच्या केटोनें मरणाचीच शिक्षा हवी असा आग्रह धरला, आणि सभा त्याच्या बाजूस झाली. अंधार पडतांपडतां सिसरोनें स्वतः लेंट्युलसास तुरुंगाकडे नेलें. पांचही जणांस तेथें गळा आवळून मारण्यांत आलें. लोकांनीं दिवे लावून कॉन्सलास घरीं पोंचविलें व त्यास देशाचा पिता ही पदवी मिळाली.

सिसरोनें राज्य वांचविलें, हें आम्हांसही मान्य आहे. कॅटिलिनाचें सैन्य खरोखरच उभें होतें, आणि पुढल्या वर्षाच्या आरंभीं तो लढाईंत पडेपर्यंत भीति गेली नाहीं. तरीही ज्यानें व्हेरीसास नागरिकाचा हक्क तुडविल्याबद्दल कोर्टांत खेंचलें, त्यानेंच पांच नागरिकांस चौकशीवांचून मारलें, हें लपविण्यासारखें नाहीं. संकटाच्या वेळीं कायदा बाजूस ठेवण्याची एकदां संवय लागली म्हणजे संकट कोणतें हें ठरविण्याचा अधिकार बलवानाच्या हातीं जातो. याचा अनुभव सिसरोस स्वतःच्या घरावरच आला. आपल्या या पराक्रमाची फुशारकी तो जन्मभर इतकी मारीत राहिला कीं त्याचे मित्रही कंटाळले. हाही त्याचा एक दोषच.

क्लोडियस नांवाचा एक सरदार त्याचा वैरी होता. ट्रिब्यून फक्त सामान्य वर्गांतीलच होऊं शके, म्हणून सीझरच्या मदतीनें त्यानें आपणांस एका सामान्य घराण्यांत दत्तक देवविलें, आणि ख्रि. पू. ५८ मध्यें तो ट्रिब्यून झाला. गरिबांच्या रक्षणासाठीं निर्माण केलेलें पवित्र पद त्यानें सुडासाठीं वापरलें. चौकशीवांचून नागरिकास मारणारास हद्दपार करावें असा कायदा त्यानें मंजूर करविला. सिसरो शहर सोडून गेला. त्याचें सुंदर घर पाडण्यांत आलें, व त्या जागेवर स्वातंत्र्यदेवतेचें देऊळ बांधण्यांत आलें. परदेशांत हा मोठा वक्ता अगदीं लहान मुलाप्रमाणें खचून गेला. त्या वेळचीं त्याचीं पत्रें वाचून दया येते. पुढल्या वर्षीं, ५७ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस, लोकांच्या सभेनें त्यास परत बोलाविलें. ब्रुंडिझियमपासून रोमपर्यंत गांवोगांवचे लोक त्याच्या दर्शनास रस्त्यावर उभे होते.

ख्रि. पू. ५१ मध्यें मनांत नसतांही त्यास सिलिशिया प्रांताचा सुभेदार होऊन जावें लागलें. याच प्रांतांत तार्स शहर आहे, जेथें पुढें पौलाचा जन्म झाला. कॉन्सल होऊन गेलेल्या पुरुषांस असे प्रांत मिळत, आणि बहुतेक जण तेथें वर्षभरांत जन्माची कमाई करून घेत. सिसरोनें प्रवासांत गांवकऱ्यांकडून वैरणकाडीचाही खर्च घेतला नाहीं. पहांटेपासून त्याचें दार उघडें असे व कोणासही सरळ भेटतां येई. आपले पुतळे उभारण्यास त्यानें मनाई केली. गांवच्या पुढाऱ्यांनीं दहा वर्षांत खाल्लेला पैसा त्यानें बोभाटा न करतां त्यांच्याकडून परत देवविला. वर्षाच्या शेवटीं उरलेली रक्कम त्यानें सरकारी खजिन्यांत भरली, तेव्हां त्याच्या हाताखालचे लोक कुरकुरूं लागले. रोमच्या एका तरुण ईडाइलानें खेळांसाठीं चित्ते पाठविण्याचा तगादा लाविला. त्यास सिसरोनें थट्टेनें कळविलें कीं या प्रांतांत आतां फक्त चित्त्यांवरच घाले घालतात, म्हणून ते रागावून शेजारच्या प्रांतांत निघून गेले आहेत.

या वर्षींचा एक प्रसंग मात्र डोळ्यांत पाणी आणणारा आहे. सायप्रस बेटांतील सॅलॅमिस शहरानें रोमन सावकाराकडून शेंकडा ४८ व्याजानें कर्ज काढलें होतें. आधींच्या सुभेदाराच्या वेळीं सावकाराच्या गुमास्त्यानें सरकारी घोडेस्वार नेऊन त्या शहराच्या पंचसभेस सभागृहांतच कोंडलें, व त्यांतील पांच पंच उपासमारीनें मेले. सिसरोनें येतांच ते घोडेस्वार काढून घेतले व शेंकडा १२ हून अधिक व्याज मिळणार नाहीं असें ठरविलें. मागाहून त्यास कळलें कीं खरा सावकार दुसरा कोणी नसून ज्याच्या सद्गुणांची सर्व रोमभर वाखाणणी होती तो ब्रूटस होय. सॅलॅमिसचे लोक वाजवी रक्कम देवळांत अनामत ठेवूं म्हणत होते. तसें झालें असतें तर व्याज तेथेंच थांबलें असतें. परंतु मित्रांच्या भिडेस पडून सिसरोनें तें प्रकरण निकालावांचून तसेंच पुढल्या सुभेदारावर सोडून दिलें. तो लांच खाणारा नव्हता. पण मित्रास नाहीं म्हणण्याचें धैर्य त्याच्यापाशीं त्या वेळीं पुरें पडलें नाहीं. आपण सर्वांनींच येथें क्षणभर थांबून स्वतःकडे पाहावें.

तो परत आला तों यादवी युद्ध पेटलें होतें. ख्रि. पू. ४९ मध्यें सीझर आपलें सैन्य घेऊन इटलींत उतरला. पुष्कळ चलबिचल करून सिसरो पाँपेच्या पक्षास मिळाला. पाँपेचा मोड झाल्यावर सीझरनें त्यास क्षमा केली. सीझर आधीं दहा वर्षांसाठीं व मग जन्मभरासाठीं डिक्टेटर झाला. सहा महिन्यांचें पद कायमचें झालें. अधिकारांचीं नांवें तशींच होतीं, परंतु त्यांतला जीव गेला होता. ख्रि. पू. ४५ च्या शेवटच्या दिवशीं सकाळीं एक कॉन्सल मरण पावला, तर उरलेल्या कांहीं तासांसाठीं दुसरा नेमण्यांत आला. याच्या कारकीर्दींत कोणी न्याहारी केली नाहीं, व हा इतका दक्ष कीं सबंध कारकीर्दींत झोपला नाहीं, असें सिसरोनें मित्रास लिहिलें. पण या थट्टेमागें अश्रु होते. त्याच वर्षीं त्याची लाडकी कन्या टलिया वारली. दुःखानें वेडा झालेला हा बाप खेड्यांत जाऊन लिहीत बसला, व दोन वर्षांच्या आंत त्यानें तत्त्वज्ञानावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. ग्रीक विचार सांगण्यास लॅटिन शब्द अपुरे पडत. ते त्यानें नवीन घडविले. कर्तव्यांवरील ग्रंथ त्यानें अथेन्स येथें शिकत असलेल्या आपल्या मुलास, मार्कसास, उद्देशून लिहिला. मुलाचें लक्ष अभ्यासापेक्षां मेजवान्यांकडे अधिक होतें, हें सांगण्यास हरकत नाहीं!

ख्रि. पू. ४४ च्या मार्चच्या १५ तारखेस सीझरचा खून झाला. सिसरो कटांत नव्हता. सीझर गेला तरी जुनें राज्य परत आलें नाहीं. त्याच्या जागीं मार्क अँटनी बसूं पाहत होता. या वेळीं ६२ वर्षांचा, शरीरानें थकलेला, जन्मभर कचरणारा सिसरो पुढें आला. सप्टेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत त्यानें अँटनीविरुद्ध १४ भाषणें रचिलीं. यांत त्याची एक मोठी चूक झाली. सीझरचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन यास त्यानें हातीं धरिलें. हा पोर आपल्या सल्ल्यानें चालेल असें त्यास वाटलें. ऑक्टेव्हियनाचा जन्म सिसरोच्या कॉन्सलपदाच्या वर्षींच झालेला. ज्या पदास ४२ वर्षें वय लागे, तें या मुलानें सैन्य रोमवर आणून १९ व्या वर्षीं बळकाविलें, आणि लगेच अँटनीशीं तह केला. नोव्हेंबर ४३ मध्यें लेपिडस धरून तिघांनीं राज्य वांटून घेतलें व मारावयाच्या माणसांच्या याद्या पुन्हां चौकांत लागल्या. त्यांत सिसरोचें नांव होतें.

डिसेंबरच्या ७ तारखेस फॉर्मिई येथील आपल्या घरापासून समुद्राकडे त्यास मेण्यांतून नेत असतां शिपायांनीं गांठलें. त्यांच्या नायकास एकदां सिसरोनेंच कोर्टांत सोडविलें होतें, असें प्लूटार्क सांगतो. नोकर लढण्यास तयार झाले. सिसरोनें त्यांस मेणा खालीं ठेवण्यास सांगितलें व स्वतःच मान पुढें केली. त्याचें मस्तक व हात रोमच्या चौकांतील त्याच व्यासपीठावर टांगण्यांत आले, जेथून तो लोकांशीं बोलत असे.

तेरा वर्षांनीं, ख्रि. पू. ३० मध्यें, अँटनीनें मिसर देशांत आत्महत्या केली. ती बातमी रोमला आली तेव्हां कॉन्सलाच्या खुर्चीवर बसलेला होता सिसरोचा तोच आळशी मुलगा मार्कस. अँटनीचे पुतळे काढून टाकण्याचें काम त्याच्या देखरेखीखालीं झालें. ऑक्टेव्हियन पुढें ऑगस्टस या नांवानें बादशहा झाला. एकदां त्याचा नातू हातांतील पुस्तक घाईघाईनें झग्यांत लपवूं लागला. तें सिसरोचें होतें. ऑगस्टसनें तें घेऊन उभ्याउभ्याच पुष्कळ वेळ वाचलें, आणि हा मोठा विद्वान व देशावर प्रेम करणारा होता, असें म्हणून परत दिलें, असें सांगतात.

सिसरोचीं पुस्तकें मात्र कोणास मारतां आलीं नाहींत. त्याचा टायरो नांवाचा गुलाम होता. त्यास सिसरोनें स्वतंत्र केलें होतें, व धन्याच्या मरणानंतर त्यानें त्याचें लिखाण जपलें. आज त्याच्या पत्रव्यवहारांतील ९०० वर पत्रें आपणांस मिळतात. १९ वर्षांच्या ऑगस्टीन नांवाच्या विद्यार्थ्यानें त्याचा एक ग्रंथ वाचला व त्याचें मन सत्याच्या शोधाकडे वळलें. हा विद्यार्थी पुढें ख्रिस्ती मंडळीचा थोर गुरु झाला. योगायोग असा, कीं राज्यव्यवस्थेवरील सिसरोचा हरवलेला ग्रंथ १८१९ मध्यें व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत सांपडला, तो ऑगस्टीनच्याच स्तोत्रसंहितेवरील विवरणाच्या अक्षरांखालीं पुसट झालेल्या शाईंत. मुद्रणकला निघाल्यावर प्रथमप्रथम जे प्राचीन ग्रंथ छापले गेले, त्यांत मुलासाठीं लिहिलेला तो कर्तव्यांवरील ग्रंथ १४६५ सालीं मेन्झ येथें छापला गेला.

या चरित्रापासून आम्हीं काय शिकावें? रोमन लोकांनीं दोन कॉन्सल, एका वर्षाची मुदत, वयाच्या अटी, ट्रिब्यूनाचा नकार, असे कुंपणावर कुंपण घातलें होतें. तीं कुंपणें एका दिवसांत पडलीं नाहींत. कोणी सुडासाठीं, कोणी कीर्तीसाठीं, कोणी भिडेसाठीं, तर कोणी राज्य वांचविण्याच्या चांगल्या हेतूनेंही त्यांतील एकेक काठी उपटली. सिसरोच्या हातूनही एक काठी उपटली गेली, आणि ती परत रोवण्याच्या प्रयत्नांत त्यानें शेवटीं प्राण दिला. आमचे विद्यार्थी उद्यां नागरिक होतील. कोणी पंच होतील, कोणी कारकून, कोणी मतें मागतील आणि सर्वच मतें देतील. त्यांतील एखाद्यास तरी हातीं अधिकार आला असतां प्युटिओली बंदरावरील फजिती, सॅलॅमिसचे उपाशी मेलेले पंच व डिसेंबरची ती पांचवी तारीख आठवली, तर रोमच्या अधिकाऱ्यांचीं नांवें विसरलीं तरी आम्ही त्यास उत्तीर्णच समजूं.